देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी

देव नाही असं मी घरात पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा माझ्या तोंडात शिऱ्याचा घास होता, आणि तो शिरा सत्यनारायणाचा होता. त्यामुळे माझ्या नास्तिकपणाला सुरुवातीपासून कोणी फारसा मान दिला नाही. काका म्हणाले, "आधी गीळ, मग बोल." मी गिळला. पण तोवर बोलण्यातला जोर गेला होता.

मी तेव्हा देवासला धाकट्या पातीच्या संस्थानी शाळेत भूमिती आणि चित्रकला शिकवत असे. सुटी लागली की टांग्याने धक्के खात धारला काकांकडे यायचं. आई-वडील प्लेगच्या साली गेले. त्यानंतर मला वाढवलं ते काकांनी आणि त्यांच्या विधवा बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने. काका धार दरबारच्या दफ्तरात होते. दफ्तरातल्या माणसाला प्रत्येक कागदावर कोणाची तरी सही लागते. या जगाखालीही कोणाची तरी सही असलीच पाहिजे, यावर त्यांची ठाम श्रद्धा होती.

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दूध दाट घातलं तर मला वाटायचं, ही कालच्या पाण्याची कबुली आहे. कोणी माझी स्तुती केली की मी खिसा चाचपून बघायचो. अशा माणसाला देवाबद्दल संशय आला यात नवल नव्हतं; देवाच्या आधी किती जणांची पाळी येऊन गेली होती!

जेवण झालं की काका सुपारी कातरत मला पकडायचे.

"काय रे, धार संस्थान चालतं की नाही? वेळेवर सारा येतो, चौक्या बसतात, न्याय होतो. का? तर वर राजा आहे म्हणून. मग एवढं विश्व राजावाचून चालतं?"

"काका, मी देवासला राहतो," मी म्हणालो. "तिथे एका गावाला दोन राजे आहेत. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. दोन दरबार, दोन कचेऱ्या, दोन शिपाई. चोर रस्ता ओलांडून पळाला की इकडचा शिपाई काठावर उभा राहून नुसता बघतो. गाव तरीही चालतंच. मग विश्वाला एकच राजा हवा, हे कशावरून?"

हे उत्तर मला फार आवडलं होतं. वाटेत टांग्यात बसून मी ते घोकलं होतं. काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"म्हणजे तू दोन देव मानायला तयार आहेस. हरकत नाही. आत्तापर्यंत एकही मानत नव्हतास."

आतून आत्याचं हसू ऐकू आलं. असं मला नेहमी व्हायचं. माझ्या उत्तराचं टोक शेवटी माझ्याच अंगात शिरायचं.

पण काकांचीही कधी कधी पंचाईत व्हायची. "देवच नाही म्हणतोस, मग तू चोरी का करत नाहीस?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही काय फक्त देवाच्या भीतीने करत नाही? मग आजपासून माझ्या पेटीला कुलूप." प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो असं ते म्हणाले की मी देवाच्या कर्त्याची चौकशी करायचो, आणि काका मला तिथून उठवायचे. एकदा मात्र ते म्हणाले, "प्लेगात सगळी आळी ओस पडली, त्यातून तू वाचलास. हे कोणी केलं?" मी लगेच म्हणालो, "आणि जे गेले ते कोणी नेले?" गेलेल्यांत त्यांचा सख्खा भाऊ होता. त्या दिवशी सुपारी तशीच अडकित्त्यात राहिली. मी जिंकलो होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

घड्याळाचा मुद्दा निघाला तो त्यानंतरच्या दिवाळीच्या सुटीत. बाहेरच्या खोलीत भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं. काका त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आपोआप झालं म्हणशील? चाकात चाक, दात्यात दाता. कोणीतरी योजून केलंय की नाही?"

"केलंय. त्याच्यावर कारखान्याचा शिक्का आहे. तसा शिक्का मला आंब्यावर दाखवा."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे..."

"थांबा, आत काय आहे ते उघडूनच दाखवतो."

आता हे उघडायचं काही कारण नव्हतं. पण वाद घालणाऱ्याच्या हातात पेचकस आला की तो थांबत नाही. मी दुपारभर बसून घड्याळ उघडलं, काकांना चाकं दाखवली, आणि परत जोडलं. जोडून झालं तेव्हा सतरंजीवर एक दातेरी चाक आणि एक लहानशी हातोडी उरली होती. मी श्वास रोखून लंबक हलवला. घड्याळ चालू झालं!

"बघा!" मी ओरडलो. "कारागिराने घातलेल्या दोन वस्तू फुकटच होत्या. कसली योजना घेऊन बसलात?"

काका तासभर समोर बसून राहिले. तास भरला. काटा बरोबर जागेवर आला, आणि घड्याळ मुकाट पुढे गेलं. ठोके पडलेच नाहीत.

"चालतंय," काका म्हणाले, "पण बोलत नाही. तुझ्या जगासारखं."

हे इथेच संपलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण त्या दिवसापासून आत्या सारखी विचारू लागली. चुलीपुढून, न्हाणीतून, तुळशीजवळून. "किती वाजले रे?" पहिल्या दिवशी मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा सूर चढला. "आत्या, समोर घड्याळ आहे. ठोके गेलेत, काटे नाहीत गेले."

तेव्हा ती बाहेरच्या खोलीत आली, भिंतीपुढे उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "हो की. दोन वाजत आले."

चार वाजून गेले होते. आणि ती घड्याळाकडे बघतच नव्हती. शेजारच्या कोनाड्याकडे बघत होती.

मी तिच्या तोंडापुढे हात हलवला. तिने मान सावलीच्या मागोमाग फिरवली, जरा उशिरा. किती दिवस ती ठोक्यांवर घर चालवत होती कोण जाणे! आणि माझ्यासारखा संशयी माणूस, ज्याला दुधातलं पाणी दिसायचं, त्याला घरातल्या माणसाचे डोळे गेलेले दिसले नव्हते.

धारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवा धरून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पुरता पिकलेला. इंदूरच्या इस्पितळात तो काढतात, थंडीतच करून घ्या, आणखी लांबवलंत तर डोळा हातचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तिथेच टांग्याची चौकशी करायला निघालो. आत्याने माझा कोट धरला.

"देवाला विचारल्याशिवाय मी डोळ्याला लोखंड लावून घेणार नाही."

तिची भीती मला कळत होती. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा डोळा फिरत्या वैदूने सुई घालून कायमचा घालवला होता. आत्या तिला रोज ताक नेऊन द्यायची, आणि तिच्या डोळ्याकडे बघायचं टाळायची.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर इकडे आले तेव्हा साताऱ्याकडून देवही घेऊन आले आणि ही रीतही. गावाबाहेर तळ्याच्या काठी आमच्या घराण्याचं लहानसं देऊळ होतं. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी लावायचा. ज्याचा प्रश्न असेल त्याने तो मनातल्या मनात विचारायचा, तोंडाने उच्चारायचा नाही. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आत्या, ओल्या पाकळीला शस्त्रक्रियेतलं काय कळतं?"

"तुला कळतं?"

"नाही."

"मग तू आणि पाकळी सारखेच. फक्त ती गप्प असते."

कौलाच्या आदल्या दिवशी तिने मला माळ्यावरून जाड लोकरी धाबळी काढायला लावली. ऊन दाखवायचं म्हणाली. मी चढलो, धूळ खाल्ली, धाबळी काढली. डोक्यात दुसराच संशय फिरत होता. सकाळी काका आणि गुरव ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होते, आणि मी आल्यावर गप्प झाले होते. मी मनाशी ताडलं: काकांना इंदूर नको आहे. बहिणीचं काही बरंवाईट झालं तर दोष त्यांच्या माथी येईल. त्यांनी गुरवाला फितवलंय, आणि उद्या नकार येणार. पाकळी किती दाबायची हे गुरवाच्या बोटात असतं. एवढी यंत्रविद्या मला घड्याळ उघडल्यापासून कळायला लागली होती.

फितुरीला तोड फितुरीचीच. माझ्या पिशवीत शाळेतली डिंकाची बाटली होती, मुलांचे नकाशे पुठ्ठ्याला चिकटवायची. चांगला घट्ट, बाभळीचा डिंक. मी बेत केला की फुलं आणायचं काम आपण घ्यायचं, थाळीत दोनच पाकळ्या ठेवायच्या, आणि डावीकडच्या पाकळीला मागून डिंक लावायचा. डावी पडणारच नाही. उजवी पडेल. देव होकार देईल. आत्या इंदूरला जाईल. देव नसल्यामुळे कोणाचा अपमानही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्याकडे जाताना आत्याचा हात माझ्या हातात होता. दुसऱ्या हातात थाळी. तिने विचारलं, "तू आज नमस्कार करशील ना?"

"खोटा नमस्कार करू?"

"केलास तर तुझं काय झिजतं? देव असला तर बरंच झालं, नसला तर काही गेलं नाही."

"असला तर त्याला माझा नमस्कार खोटा आहे हे कळणार नाही का? मग जास्तच रागावेल."

"म्हणजे तो असला तर किती हुशार असेल याचा तुला अंदाज आहे," ती म्हणाली. "बरं आहे. वाट जरा नीट बघून चाल, तुझ्या भरवशावर चाललेय मी."

डिंकाची बाटली माझ्या खिशात जड वाटायला लागली.

देवळात शिरण्यापूर्वी मी मागे राहून काम उरकलं. गुरवाने थाळी घेतली. माझा बेत बरोबर बसला होता: त्याने डावीकडची पाकळी डावीकडे लावली, उजवीकडची उजवीकडे. लावताना त्याने एक पाकळी अंगठ्याने चांगली दाबली. मी काकांकडे बघितलं. काका गुरवाकडे बघत होते. फितुरी उघड दिसत होती. मी मनात हसलो. दाब, म्हटलं. आत्याने डोळे मिटून हात जोडले, ओठ हलले, प्रश्न विचारून झाला.

पाकळ्या पडेनात. उदबत्ती जळून गेली. काका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. गुरवाच्या कपाळावर थंडीत घाम. मला आनंद आवरेना. आणि मग दोघांपैकी एक पाकळी जराशी कलली, घसरली आणि पायरीवर पडली. माझ्या उजव्या हाताची! मी पुढे होऊन म्हणणार होतो, "होकार!"

"डावा पडला," गुरव खालच्या आवाजात म्हणाला.

"डावा कसा? हा उजवा आहे!"

"मास्तर," गुरव म्हणाला, "देवाचा उजवा-डावा बघतात. तुमचा नाही. देव आपल्याकडे तोंड करून बसलाय."

मी भूमिती शिकवत होतो. समोरासमोरच्या आकृतींत बाजू उलटतात हे मी वर्गात खडूने काढून दाखवायचो, आणि ज्याला समजत नसे त्याला बाकावर उभं करायचो. त्या क्षणी देवळात बाक नव्हता एवढंच माझं नशीब. लहानपणापासून त्या देवाचं दर्शन फक्त प्रसादापुरतं घेतल्याचा हा परिणाम. डिंक देवाच्या उजव्या खांद्यावर बसला होता. होकाराची पाकळी मी स्वतःच्या हाताने चिकटवून टाकली होती.

आत्या तशीच हात जोडून उभी राहिली. बराच वेळ. मग वळली आणि पायऱ्या उतरली.

वर आणखी एक कहर झाला. गुरवाने देवाला स्नान घातलं तरी उजवी पाकळी निघेना. दुसरा तांब्या ओतला तरी निघेना. तळ्यावर धुणं धूत असलेल्या बाया गोळा झाल्या. "देवाने धरून ठेवलीय," एक म्हणाली. दुसरीने पाया पडून घेतलं. आयुष्यभर मी चमत्कारांच्या मागे कोण आहे ते शोधत आलो. तिथे एका चमत्काराच्या मागे मीच उभा होतो, आणि "अहो, हा डिंक आहे" असं म्हणायची माझी छाती होत नव्हती.

घरी आल्यावर काका ओट्यावर बसले. मला राहवेना. आधी मी त्यांच्यावरच उखडलो. "तुम्ही गुरवाला फितवलंत. मी बघितलं, तो पाकळी दाबत होता."

काकांनी मान खाली घातली. "हो, सांगितलं होतं. डावी जरा घट्ट लाव म्हटलं होतं."

"डावी?"

"डावी. म्हणजे उजवी आधी पडेल. मला तिला इंदूरला न्यायची आहे, तुला काय वाटलं? पण उजवी पडलीच नाही. माझं चुकलं. देवापुढे लबाडी केली, त्याने ती हाणून पाडली."

मी खिशातून बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं.

"काका, तुमचा तर देवावर विश्वास आहे. मग त्याला मोकळेपणी उत्तर का देऊ दिलं नाहीत?"

"आणि तुझा नाही," ते म्हणाले. "मग त्याच्या खांद्याला डिंक लावायला का गेलास?"

आता आत्याला काय सांगायचं? लबाडी झाली म्हणावं तर कौल बाटला, ती पुन्हा कधी विचारायला तयार होणार नाही. न सांगावं तर देवाने नको म्हटलंय, आणि डोळा जातोय. "तू सांग." "तुम्ही सांगा, तुम्ही मोठे." "डिंक तुझा." असं आमचं चाललं असताना आतून आत्या आली. तिच्या हातात गाठोडं होतं. धाबळी वरून बांधलेली.

"टांगा सांगितला की नाही? इंदूरला जायचंय ना?"

"अगं, पण डावा..." काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"डावाच पडला. मी विचारलं होतं, देवा, अशीच घरात बसून राहू का? देव म्हणाला, नको."

काकांनी दोन्ही हात डोक्यावर जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते माझ्याकडे वळले. "बघितलंस? मी लबाडी केली, तू लबाडी केलीस, तरी उत्तर बरोबर आलं. आता सांग, नाही म्हणून!"

काकांनी आजवर टाकलेल्या मुद्द्यांत हा सर्वांत भारी होता हे कबूल केलं पाहिजे. मला एवढंच म्हणता आलं की, पाकळी डिंकामुळे राहिली आणि डावीला डिंक नव्हता म्हणून ती पडली. तिसरा कोणी तिथे लागला नाही. "तो डिंक उलट्या बाजूला लावायची बुद्धी तुला कोणी दिली?" काकांनी विचारलं. माझा मूर्खपणा माझा स्वतःचा आहे, त्यात मी कोणाला वाटा देणार नाही, असं मी म्हणालो. काका हसले. त्यांना माझ्या मूर्खपणातही योजना दिसत होती. मला मात्र दुसरंच काही दिसत होतं, पण ते मी तेव्हा बोललो नाही. टांगा आणायला गेलो.

वाटेत टांगेवाला दर खड्ड्याला मागे वळून म्हणायचा, "भिया, माजी के पकड़ के बैठजो!" मी माजीला धरून बसलो. तिचा हात गार होता आणि ती सबंध रस्ता काहीतरी पुटपुटत होती. देव होता की नव्हता मला ठाऊक नाही. त्या पुटपुटण्याला मी हसलो नाही.

इस्पितळात डोळा बरा निघाला. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून ती कितीतरी दिवस उताणी पडून होती. हलायचं नाही, खोकायचं नाही. मी शेजारी बसून शाळेच्या गमती सांगायचो, तर म्हणायची, "हसवू नकोस, जखम उघडेल." पट्टी सुटली, पुढे जाड भिंगांचा चष्मा आला, आणि आम्ही धारला परतलो.

घरात पाऊल टाकल्यावर ती सरळ घड्याळापुढे गेली. मान वर केली. "पावणेपाच," म्हणाली. बरोबर होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि त्या भिंगांतून मला नीट, वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"काय गं?"

"तुझे काका म्हणतात, जगातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी योजून केलीय," ती म्हणाली. "तुझे कान बघून मला जरा शंका आली."

काका खो खो हसले. तिला हसताना बघून मला धीर आला, आणि कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेला संशय मी बाहेर काढला. काका पाणी प्यायला आत गेल्यावर विचारलं, "आत्या, खरं सांग. तो प्रश्न तू पाकळी पडायच्या आधी विचारलास, की डावी पडल्यावर फिरवून घेतलास?"

"असं का विचारतोस?"

"पाकळी पडल्यावर तू बराच वेळ हात जोडून उभी होतीस. आणि धाबळी आदल्या दिवशीच माळ्यावरून काढायला लावलीस."

"ती ऊन दाखवायला."

"आत्या."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. तिच्या तोंडावर काय होतं ते त्या भिंगांमागे मला नीट दिसलं नाही; डोळे एवढे मोठे दिसत होते की त्यांत काहीही मावलं असतं.

"जे दिसत नाही ते तू मानत नाहीस ना?" ती म्हणाली. "मग माझ्या मनात आधी काय होतं ते कशाला विचारतोस? जा, चहाचं आधण ठेव. आणि ते उरलेलं चाक नि हातोडी घड्याळात परत घाल. आता मला दिसतं, पण ठोक्यांची सवय झालीय."

आधण ठेवलं. चाक आणि हातोडीही घातली. घड्याळ पुन्हा बोलू लागलं, फक्त चारला पाच ठोके देऊ लागलं. काका म्हणाले, त्यातही काही योजना असेल. पाचव्या ठोक्याला आत्या घड्याळाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि एक ठोका वजा करून कामाला लागायची.